बेवारस धक्का

ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय बेकार होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी जातं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. दोष द्यायला हक्काचा माणूस जातो. क्लचच्या गाडीने आचका दिला की मागच्या सीटवरची आत्या, तिच्या मांडीवरचं पोर, सगळे एकदम ड्रायव्हरच्या मानेकडे बघतात. गुन्हेगार जागेवरच सापडलेला असतो. तो खाकरतो, "क्लच जरा कडक आहे हिचा," असं काहीतरी पुटपुटतो आणि प्रकरण मिटतं. ऑटोमॅटिकने आचका दिला तर? ड्रायव्हरने फक्त एक दांडी खाली ओढलेली असते. मागचे त्याच्याकडे बघतात, तो स्टिअरिंगकडे बघतो, आणि स्टिअरिंग कुणाकडेच बघत नाही. धक्का सगळ्यांना बसलेला असतो, मारलेला मात्र कुणीच नसतो.

हा बेवारस धक्का सगळ्यात सुखाने कुठे नांदत असेल तर अमेरिकन पिकअप ट्रकमध्ये. माझा साडू टेक्सासात राहतो, डॅलसच्या उत्तरेला. तिथे त्याच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात न मावणारा एक पिकअप आहे. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट किंवा मांडववाल्याची भांडी डोळ्यांपुढे येतात. टेक्सासात पिकअप ही बसायची गोष्ट आहे. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम होणाऱ्या चामडी खुर्च्या, डोक्यावर काचेचं छप्पर, आणि मागे माल ठेवायला हौद, ज्यात काहीही नसतं. दक्षिण टेक्सासातल्या एका अवाढव्य गुरांच्या रँचच्या नावाने फोर्डने २००१ पासून 'किंग रँच' नावाचा पिकअपच काढलेला आहे. तो घेतला की गुरं नसली तरी चालतात.

साडूचा ट्रक कोणत्या कंपनीचा ते मी लिहीत नाही, कारण त्याचे हप्ते अजून चालू आहेत आणि त्या कंपनीची टोपी तो अजून घालतो. ट्रक साडेचार टनांचं ओझं मागे बांधून डोंगर चढू शकतो, असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. साडू सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजवर त्या ट्रकने बागेसाठी मातीच्या पिशव्या, कुणाचा तरी सोफा आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर वाहिलं आहे. मखर थर्माकोलचं होतं.

धक्क्याची वेळ ठरलेली आहे. सकाळी, विशेषतः थंडीत, साडू ट्रक सुरू करतो, ब्रेकवर पाय ठेवतो आणि दांडी पार्कमधून रिव्हर्समध्ये ओढतो. एक क्षण काहीच होत नाही. मग खालून 'धाड्' असा आवाज येतो, कॉफी झाकणातून बाहेर येऊन खालची फट शोधते, आणि घरात भिंतीवरचं कॅलेंडर नाही म्हटलं तरी किंचित हलतं. आत पोळ्या लाटणारी माझी मेव्हणी मान वर न करता म्हणते, "निघाला."

आत नक्की काय होतं हे साडूने मला इतक्या वेळा समजावलं आहे की ते आता मलाच पाठ झालं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला गोल डबा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं, एवढाच फरक. त्याच्या मागे एकात एक बसवलेली दातेरी चाकं आणि चकत्यांचे गठ्ठे असतात. दांडी ओढली की संगणक हुकूम सोडतो, एक छोटी झडप उघडते, दाबाखालचं तेल धावत येतं आणि ठरलेल्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. तेल किती वेळात आणि किती जोराने आलं, यावर तुमची सकाळ ठरते. गार इंजिन सुरुवातीला जागच्या जागी नेहमीपेक्षा जास्त वेगात फिरत असतं. अशा वेळी घाई करून दांडी ओढली तर चकत्यांना एकदम पुष्कळ काही थांबवावं लागतं. तेल जुनं झालं, कमी झालं, झडप अडखळली, तरी तेच.

पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांबलचक शाफ्ट जातो. त्याला जोडणारे क्रॉस, शाफ्टचं टोक जिथे गिअरबॉक्सच्या बाजूला आत-बाहेर सरकतं ती जागा, मागे डिफरन्शिअलचे दाते, या प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मोकळीक असते. मेकॅनिकच्या भाषेत 'प्ले'. ती असावीच लागते, नाहीतर काहीच फिरणार नाही. कुठे केसभर, कुठे दोन केस. पण चार दारांचा ट्रक जवळजवळ सहा मीटर लांब असतो, आणि गिअर पडतो तेव्हा ही सगळी मोकळीक पुढून मागे एकापाठोपाठ संपत जाते आणि शेवटी 'धाड्'. चौकशी बसवली तर प्रत्येक भाग शपथेवर सांगेल की माझी मोकळीक मर्यादेत आहे. आणि ते खरंच असतं. सगळे निर्दोष आणि धक्का जिवंत.

इंजिनिअरांना हे कळत नाही असं नाही. त्यांचीही अडचण आहे. चकत्या हळुवार आवळल्या तर त्या एकमेकींवर घासत राहतात, तापतात, झिजतात. झटकन आवळल्या तर धक्का बसतो पण चकत्या टिकतात. ओझं ओढायच्या गाडीत कुठल्या बाजूला झुकायचं हे उघड आहे. काही बिघडलं तर बरेच गिअरबॉक्स तेलाचा दाब मुद्दाम पूर्ण चढवून ठेवतात, म्हणजे चकत्या जळण्यापेक्षा प्रवासी हादरलेले परवडले. शिवाय गिअरही वाढले. हाडवैरी समजल्या जाणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी २०१३ मध्ये हातमिळवणी करून १० गिअरांचा बॉक्स बनवायला घेतला, आणि २०१७ च्या मॉडेलांपासून तो गाड्यांत बसू लागला. एक माणूस, एक उजवा पाय आणि दहा गिअर. इतक्या पोरांच्या घरात कुठलं तरी एक दार आपटणारच.

गुळगुळीत गिअरचा ध्यास काही आजचा नाही. ओल्डस्मोबिलने १९३९ मध्ये १९४० च्या मॉडेलांवर हायड्रामॅटिक हा क्लच नसलेला गिअरबॉक्स दिला आणि मोठ्या संख्येने विकला गेलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक ठरला. दुसऱ्या महायुद्धात तो थेट रणगाड्यात गेला. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं होती आणि प्रत्येकाला एकेक हायड्रामॅटिक. रणगाड्यात गिअर कसा पडतो याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तक्रारीचे विषय दुसरे होते.

युद्धानंतर लोकांना नजाकत हवी होती. १९४८ मध्ये ब्युइकने डायनाफ्लो आणला. यात गाडी चालू असताना गिअर आपोआप बदलायचाच नाही. सगळा फरक तेलच सांभाळून घ्यायचं. धक्का नाही, आचका नाही, काही नाही. झालं? लोक खूश व्हायला हवे होते. पण पाय दाबला तरी गाडी निघाल्याचं कळेना. इंजिन गुरगुरायचं आणि गाडी विचार करायची. लोकांनी त्याचं नाव 'डायनास्लश' पाडलं, स्लश म्हणजे रस्त्यावरचा बर्फाचा रबडा. माणसाला धक्का नको असतो, पण काहीतरी घडल्याची पोच मात्र हवी असते. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत गेली पंच्याऐंशी वर्षं गिअरबॉक्सवाले पोट भरत आहेत.

मधल्या काळात दांडीच्या क्रमावरूनही रणं माजली. काही गाड्यांत रिव्हर्स अगदी शेवटी होता, पुढे जायच्या 'लो' गिअरला खेटून. दांडी एक घर जास्त गेली की पुढे जाणारा माणूस मागे जायचा, आणि तेही जोशात. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकात कंपन्यांना यावरून चांगलंच झोडपलं. आता पुढच्या आणि मागच्या गिअरांच्या मध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे असा नियमच आहे. मऊपणाचं आणखी एक जुनं गुपित सांगतो. त्या काळी ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत, चकत्यांनी एकमेकींना अलगद धरावं म्हणून. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्तांच्या यादीत घातला आणि तेलवाल्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. साडूला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. देवमाशाबद्दल वाईट वाटत होतं की उशिरा जन्मल्याचं, ते कळलं नाही.

असा हा ट्रक घेऊन साडू सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथे काउंटरवरच्या माणसाला आपल्या ट्रकचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो. एम.एस. केलेला, घरात दोन पेटंटांच्या पाट्या लावलेला माणूस भर काउंटरवर "धाड्... नाही, धाड् नाही, आधी थोडं गुप्प आणि मग धाड्" असं करत होता. मागच्या रांगेत एक बाई आपल्या गाडीचा 'क्रीऽऽ' घोकत उभी होती. काउंटरवरच्याने मान हलवत सगळं टिपून घेतलं. मग एक मेकॅनिक साडूला शेजारी बसवून ट्रक घेऊन निघाला. पार्क, रिव्हर्स, ड्राइव्ह, रिव्हर्स. ट्रक इतका गुणी वागला की साडूलाच त्याचा राग आला. तास-दीड तास रस्त्यावर तापून आलेलं तेल पातळ झालेलं होतं, इंजिन शांत झालेलं होतं, धक्का बसणार कुठून? कागदावर शेरा पडला, 'तक्रार आढळून आली नाही.'

दुसऱ्या खेपेला साडूने ट्रक रात्रभर तिथेच ठेवला, सकाळी गार असताना बघा म्हणून. त्या रात्री नेमका वारा फिरला आणि उबदार झाली. 'तक्रार आढळून आली नाही.' तिसऱ्या खेपेला मात्र धक्का बसला. मेकॅनिकच्या डोक्यावरची टोपी हलली, हे साडूने डोळ्यांनी पाहिलं. मेकॅनिक म्हणाला, "हे होय? हे तर सगळ्यांनाच होतं." मग शेरा पडला, 'वाहनाचे वर्तन सर्वसामान्य. तक्रार आढळून आली नाही.' शिवाय त्याने जाता जाता सांगितलं की हा गिअरबॉक्स मालकाची चालवण्याची पद्धत शिकतो आणि हळूहळू तसा वागू लागतो. हे घरी सांगितलं ती साडूची चूक. मेव्हणी म्हणाली, "तुझ्याकडून शिकलाय ना? मग झालं तर."

मंडळाच्या सहलीला ही बातमी फुटली, आणि ज्याच्याकडे गाडी आहे तो प्रत्येक जण तज्ज्ञ निघाला. एक म्हणाला, तेल बदल. दुसरा म्हणाला, तेलाला हात लावू नकोस, माझ्या मित्राने बदललं आणि आठवड्यात गिअरबॉक्स बसला. तिसऱ्याने माहिती दिली की कंपनीने हे तेल आयुष्यभराचं म्हटलेलं आहे, त्यावर आयुष्य कुणाचं, तेलाचं, ट्रकचं की वॉरंटीचं, यावर अर्धा तास वाद झाला आणि भेळ सादळली. बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेव म्हणजे ट्रक सगळं विसरतो, असंही एकाने सुचवलं. त्यातला एकच सल्ला मला पटला. उतारावर गाडी लावताना नुसतं पार्कमध्ये टाकून ब्रेक सोडला तर अख्ख्या ट्रकचं वजन गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या खुंटीवर लटकतं, आणि सकाळी दांडी ओढताना ती खुंटी सुटते तेव्हाचा आवाज वेगळाच. म्हणून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, आणि शेवटी पार्क. साडूने हा विधी लगेच सुरू केला. त्याच्या घरापुढची जागा तळहाताएवढीही उताराची नाही, पण केलेलं बरं.

त्याच उन्हाळ्यात आमचे सासरे टेक्सासला गेले. ते दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ट्रकभोवती एक पूर्ण फेरी मारून, हौदात डोकावून, ते म्हणाले, "जावईबापू, भाडं किती मिळतं?"

"भाड्याचा नाही बाबा. घरचा आहे."

"अस्सं," बाबा म्हणाले. बरंच काही त्यांनी तोंडात ठेवलं, हे साडूलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धक्का ऐकला. खरं तर तो त्यांनी झोपेतच ऐकला आणि उठून बाहेर आले. साडूला ट्रक बंद करायला लावला, चाकांना ओंडके दिले, आणि बनियन-पायजम्यावर सरळ ट्रकखाली शिरले. शाफ्ट हाताने धरून इकडून तिकडे फिरवला. टक्. टक्. "प्ले आहे," खालून आवाज आला. "आणि पुढे सरकतं तिथे कोरडं ठणठणीत आहे. ग्रीस कुठाय?"

एवढ्यात समोरच्या घरातून शेजारी धावत आला. त्याला फक्त ट्रकखालून बाहेर आलेले दोन म्हातारे पाय दिसले होते आणि तो फोनवर रुग्णवाहिकेचा नंबर फिरवायच्या बेतात होता. बाबा बाहेर आले, हात पुसून त्याच्याशी हस्तांदोलन केलं, आणि भाषेची कसलीही अडचण न येता दोघे पुन्हा ट्रकखाली गेले.

या शेजाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. त्याच्याकडे नव्वदच्या दशकातला एक जुना पिकअप आहे आणि त्याला शनिवारभर त्याखाली झोपायला आवडतं. त्या दिवशी तो त्यात शिफ्ट किट बसवत होता. हा प्रकार ऐकून साडू खचला. अमेरिकेत कित्येक वर्षांपासून अशी किटं विकत मिळतात. त्यात स्प्रिंगा असतात, भोकं मोठी केलेली पत्र्याची चकती असते, आणि त्या सगळ्याचा हेतू एकच, तेलाचा दाब वाढावा, चकत्या झटकन आवळल्या जाव्यात, गिअर दणक्यात पडावा. चकत्या जास्त टिकतात हे कारण आहेच. पण शेजाऱ्याने छातीवर मूठ आपटून जे दाखवलं ते कारण वेगळं होतं. गिअर पडला की कळला पाहिजे! म्हणजे रस्त्याच्या या बाजूला एक माणूस धक्का काढायला सुट्ट्या टाकतो आहे, आणि त्या बाजूचा माणूस तोच धक्का पैसे मोजून घरी आणतो आहे.

शेजाऱ्याने साडूच्या ट्रकमध्ये बसून स्वतः दांडी ओढून बघितली. एक क्षण शांतता. धाड्! शेजाऱ्याचा चेहरा उजळला. "वा! काय खणखणीत पडतोय! कुठलं किट म्हणायचं हे?"

साडूने क्षणभर विचार केला. "कंपनीनेच दिलंय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून घरातली हवाच पालटली. साडू धक्क्याबद्दल बोलताना आता आवाज खाली आणत नसे. पाहुणे आले की त्यांना शेजारी बसवून, "ऐका हं," असं म्हणून दांडी ओढायचा. मंडळात त्याने सांगितलं की मऊ पडणारा गिअर हा चकत्या खातो, आणि ज्यांच्या गाड्यांचे गिअर मऊ पडतात त्यांनी एकमेकांकडे काळजीने पाहिलं. बाबांनी ग्रीस भरायचं म्हटलं तर तो आज-उद्या करू लागला. मला फोनवर म्हणाला, "भार ओढायची गाडी आहे ती. थोडा जोर दिसणारच."

पण मेव्हणीने आधीच सर्व्हिसची वेळ घेऊन ठेवली होती, नुसतं इंजिन ऑइल आणि टायरसाठी. ट्रक संध्याकाळी परत आला. सकाळी साडूने दांडी रिव्हर्समध्ये ओढली. काहीच झालं नाही. तो थांबला. समोरच्या पडद्यावर 'आर' दिसत होता. त्याने पुन्हा पार्क केलं, पुन्हा ओढली. काहीच नाही. कॉफी कपात जागच्या जागी. आत पोळीपाटावरून मेव्हणीने विचारलं, "आज जायचं नाहीये का?" शेवटी ब्रेकवरचा पाय किंचित सैल केला तेव्हा ट्रक आपला चुपचाप मागे सरकू लागला, आणि साडू इतका दचकला की त्याने करकचून ब्रेक मारला. कॉफी तेवढी सांडली.

बिल पुन्हा नीट वाचल्यावर तळाशी सापडलं. शाफ्टचं टोक ग्रीस केलं, गिअरबॉक्सचा नवा प्रोग्रॅम आला होता तो टाकला, आकार काही नाही. समोरचा शेजारी येऊन एकदा दांडी ओढून गेला आणि साडूच्या खांद्यावर हात ठेवून, काही न बोलता, रस्ता ओलांडून परत गेला.

आठवडाभर साडूने काढला. दर सकाळी दांडी ओढायची, मग पडद्याकडे बघायचं, मग आरशात बघायचं, मग पाय जरासा उचलून खात्री करायची. मग तो सर्व्हिस सेंटरमध्ये गेला आणि त्याच काउंटरवर, त्याच माणसापुढे, जुना प्रोग्रॅम परत टाकून मिळेल का, असं विचारलं. का, म्हणून त्याने विचारलं. साडू म्हणाला, आधी एक धक्का बसायचा, तो आता बसत नाही.

काउंटरवरच्याने संगणकात ट्रकचा नंबर घातला, तिन्ही खेपांचे कागद उघडून शांतपणे वाचले, आणि स्क्रीन साडूकडे वळवली.

"कसला धक्का, सर? आमच्या नोंदीत तुमच्या ट्रकला कधी धक्का बसलेलाच नाही."